घरातल्या गाडीवर मुलगी शिकतेय, कच्चं लायसन्स आहे, इन्शुरन्सचं काय?

मृण्मयी_सांगली
नमस्कार मंडळी. लेक अठरा पूर्ण झाली आणि लगेच ऑनलाईन परीक्षा देऊन लर्निंग लायसन्स काढलं तिने. ड्रायव्हिंग स्कूलचा कोर्स चालू आहे पण तिथे रोज जेमतेम अर्धा तास हातात गाडी मिळते, त्यात दोन सिग्नल आणि एक यू टर्न झाला की वेळ संपली. म्हणून घरच्या गाडीवर सराव द्यायचा विचार आहे. गाडी वॅगन आर, सासऱ्यांच्या नावावर, पॉलिसी फुल्ल म्हणजे पॅकेज (आपल्या गाडीचं नुकसान आणि तिऱ्हाईताचं, दोन्ही) आहे आणि ५० टक्के नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट आहे.

आता गोंधळ असा की आमचे एजंट म्हणाले मुलीचं नाव पॉलिसीत घालावं लागेल, जास्तीचे पैसे भरा. माझा भाऊ इंग्लंडमध्ये असतो तो पण म्हणाला की नाव घातल्याशिवाय चावी देऊच नकोस. शेजारचे काका म्हणतात काही लागत नाही, बिनधास्त चालवू दे. तीन माणसं तीन उत्तरं.

मला नक्की हे विचारायचंय की नाव घालावं लागतं का? आणि उद्या काही झालं, नुसतं खरचटलं नाही तर खरंच कोणाला लागलं, तर कंपनी पैसे देते का? ज्यांनी प्रत्यक्ष क्लेम केलाय त्यांनी सांगा प्लीज.

सिंहगडरोडवाला
नाव घालायची गरज नाही. आपल्याकडे विमा गाडीचा असतो, चालवणाऱ्याचा नाही.

तात्या_कराडकर
इतकं सोपं नाहीये हो ते. माझ्या पुतण्याचा क्लेम नाकारला गेलाय. कच्चं लायसन्स होतं, मुदतीत होतं, गाडी भावाची, विमा चालू. पण पठ्ठ्या मित्राला घेऊन गेला होता आणि मित्राकडे पण कच्चंच. हायवेच्या सर्व्हिस रोडला डिव्हायडरवर चढवली, पुढचं सगळं गेलं. कंपनीने पत्र पाठवलं की शेजारी पक्कं लायसन्सवालं कोणी नव्हतं म्हणून देय नाही. भावाने वर्षभर पत्रव्यवहार केला, शेवटी खिशातूनच भरले.

निवृत्त_सर्व्हेअर
तात्यांची आणि सिंहगडरोडवाल्यांची दोन्ही उत्तरं बरोबर आहेत, फक्त अर्धी अर्धी. वाहन विम्याच्या सर्व्हेचं काम आयुष्यभर केलंय त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

मृण्मयीताई, तुमच्या पॉलिसीचा कागद काढा. पहिल्या एक दोन पानांत कुठेतरी ड्रायव्हर्स क्लॉज असेल. खाजगी गाडीच्या पॅकेज पॉलिसीत तो जवळपास सगळीकडे सारखाच असतो. त्यात म्हटलेलं असतं की विमाधारकासकट कोणीही व्यक्ती गाडी चालवू शकते, अट एवढीच की अपघाताच्या वेळी तिच्याकडे वैध लायसन्स हवं आणि ते रद्द वगैरे झालेलं नसावं. आणि त्याला लागूनच पुढचं वाक्य असतं की लर्नर्स लायसन्सवाली व्यक्तीही चालवू शकते, पण तिने केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या नियम ३ ची पूर्तता केलेली असली पाहिजे. म्हणजे तुमची मुलगी आजच पॉलिसीत आहे, वेगळं नाव घालायची सोय खाजगी गाडीच्या या पॉलिसीत लागतच नाही. तुमच्या एजंटला एकच सांगा, जे म्हणताय ते कंपनीच्या ईमेलवरून लेखी द्या.

सगळा खेळ आहे तो नियम ३ चा. लायसन्स मुदतीत हवं, लर्निंग सहा महिनेच चालतं. ज्या प्रकारच्या गाडीचं आहे तीच गाडी हवी. बरीच मुलं घाईत फक्त गिअरच्या दुचाकीचं काढतात आणि शिकतात कार, मग कारपुरतं त्या पोराकडे लायसन्स नाहीच असं धरतात. शेजारी त्या गाडीचं पक्कं लायसन्स असलेला माणूस हवा आणि तो अशा जागी बसलेला हवा की गाडी ताब्यात घेता किंवा थांबवता येईल, मागच्या सीटवर बसून सूचना देणारा चालत नाही. आणि पुढे मागे एल ची पाटी, पांढऱ्यावर लाल.

पाटीचं माप पण नियमात आहे. पाटी किमान १८ सेंटिमीटर चौरस, अक्षर किमान १० सेंटिमीटर उंच, २ सेंटिमीटर जाड आणि तळाशी ९ सेंटिमीटर रुंद. वहीच्या कागदावर स्केचपेनने काढून आतून काचेला चिकटवलेलं मी खूप पाहिलंय. स्टेशनरीच्या दुकानात स्टिकर मिळतं, ते मोजून घ्या.

मृण्मयी_सांगली
बापरे, एवढं नीट कोणीच सांगितलं नव्हतं. खूप आभार काका. लायसन्स बघितलं आत्ताच, कार आणि गिअरची दुचाकी दोन्ही आहे. पण आता दुसरीच अडचण. नवरा शनिवार रविवारच घरी असतो. माझ्याकडे फक्त दुचाकीचं लायसन्स आहे, कार मी चालवते थोडीफार पण लायसन्स नाही काढलं कधी. मी शेजारी बसले तर?

निवृत्त_सर्व्हेअर
नाही चालणार. आणि तुम्ही स्वतः ती थोडीफार चालवता ते पण आजपासून बंद करा ताई, स्पष्ट बोलतो राग मानू नका. विनालायसन्स चालवणाऱ्याला कलम १८१ खाली ५००० रुपये दंड आणि गाडी देणाऱ्या मालकाला म्हणजे तुमच्या सासऱ्यांना कलम १८० खाली ५०००, शिवाय दोन्हीत तुरुंगवासाची तरतूद आहे. विम्याचं तर विचारूच नका.

रानवारा
मुलीबरोबर तुम्ही पण लर्निंग काढा की. मायलेकी एकदम शिका. माझ्या आईने पन्नाशीत काढलं, आता बाबांना बाजूला बसवून आंबोलीचा घाट चढवते.

मृण्मयी_सांगली
@रानवारा कल्पना मस्तच आहे, खरंच मनावर घेते.
सासरे आहेत की घरी, त्यांना बसवू का शेजारी? चाळीस वर्षं गाडी चालवलीये त्यांनी.

तात्या_कराडकर
आजोबा शेजारी बसणार असतील तर पोरीच्या कानात कापूस घाला आधी. आमच्या वडलांनी मला शिकवली तेव्हा गावातली निम्मी माणसं रस्त्यावर येऊन ऐकायची.

निवृत्त_सर्व्हेअर
@मृण्मयी, सासऱ्यांच्या लायसन्सची तारीख बघा आधी. एका वयानंतर दर पाच वर्षांनी रिन्यू करावं लागतं आणि पुष्कळ ज्येष्ठांचं संपलेलं असतं, कारण गाडी चालवणं बंद केलेलं असतं. संपलेलं असेल तर ते शेजारी बसून उपयोग नाही. गाडीचे मालक आहेत म्हणून वेगळी सूट नाही.

विवेक_ठाणे
एक शंका. नियमात इन्स्ट्रक्टर असा शब्द आहे ना? म्हणजे आरटीओचा परवाना असलेला ट्रेनर हवा, नवरा कसा चालेल? माझ्या माहितीप्रमाणे तरी घरच्या माणसाला ही सवलत नाही. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीला दोन ब्रेक असतात ते उगीच नाही.

निवृत्त_सर्व्हेअर
विवेक, दोन ब्रेकची सक्ती ड्रायव्हिंग स्कूलच्या गाड्यांना आहे, तो स्कूलच्या परवान्याचा नियम वेगळा. नियम ३ मध्ये इन्स्ट्रक्टरकडे काय हवं ते तिथेच लिहिलंय, ते वाहन चालवण्याचं वैध लायसन्स. शिकवण्याचा परवाना मागितलेला नाही. बाप, भाऊ, मावशी कोणीही चालतं, मी स्वतः असे क्लेम पास होताना पाहिलेत. क्लेम फॉर्मला मुलाच्या लर्निंगची आणि शेजारच्याच्या पक्क्या लायसन्सची अशा दोन्ही कॉपी जोडायच्या.

विवेक_ठाणे
ओके, हे माहीत नव्हतं. धन्यवाद. पण मग थांबवता येईल अशा जागी म्हणजे नक्की काय? हँडब्रेक?

गॅरेजवाला_नाशिक
साध्या हँडब्रेकची गाडी असेल तर शेजारच्या सीटवरून सहज ओढता येतो, म्हणून शिकायला जुनी गाडीच बरी असं मी गिऱ्हाइकांना नेहमी सांगतो. नवीन गाड्यांत बटणाचा पार्किंग ब्रेक असतो, तो बहुतेक गाड्यांत चालत्या गाडीत ओढून धरला तर ब्रेक लावतो पण हे शेजारी बसणाऱ्याने आधी रिकाम्या मैदानात करून बघावं, रस्त्यावर पहिल्यांदा नको. वॅगन आर ला साधाच असतो, काळजी नाही. शेजारी बसणाऱ्याने मोबाईल खिशात ठेवायचा आणि डावा हात काय पण करो उजवा हात हँडब्रेकपाशी.

आणि विम्याची चर्चा चालूच आहे तर आमच्या धंद्यातलं सांगतो. शिकाऊ माणसाकडून सगळ्यात जास्त काय जातं तर क्लचप्लेट. अर्धा क्लच दाबून गाडी चढावर धरून ठेवतात, वास येतो, प्लेट जळते. ती विम्यात बसत नाही, झीज आणि यांत्रिक बिघाड पॉलिसीतून वगळलेले असतात. लोक येऊन भांडतात की झिरो डेप आहे मग का नाही. झिरो डेप म्हणजे अपघातात मोडलेल्या पार्टची घसारा कपात होत नाही एवढंच. टायर पण तसंच, फूटपाथला घासून नुसता टायर फाटला आणि गाडीला बाकी काही झालं नाही तर क्लेम नाही.

सिंहगडरोडवाला
मी वर एका ओळीत उडवून लावलं होतं पण नियम ३ मलाही माहीत नव्हता. धागा वाचनखूण म्हणून साठवला.

लीना_लेस्टर
मृण्मयी, तुझा भाऊ चुकीचं सांगत नाहीये, तो इथल्या हिशोबाने सांगतोय. इंग्लंडमध्ये विमा गाडीचा नसतो तर ठराविक माणसांनी ती गाडी चालवण्याचा असतो. पॉलिसीत नाव नसेल तर सख्ख्या मुलानेसुद्धा घरासमोरून गाडी हलवली की ती विनाविमा. पकडलं तर ३०० पौंड आणि लायसन्सवर ६ पॉइंट. आणि नवीन लायसन्स मिळाल्यापासून दोन वर्षांत ६ पॉइंट झाले की लायसन्सच रद्द, परत पहिल्यापासून प्रोव्हिजनल म्हणजे इथलं कच्चं लायसन्स, थिअरी, टेस्ट.

इथे दोन रस्ते आहेत. एक म्हणजे आईबाबांच्या पॉलिसीत मुलाचं नाव घालायचं, त्याने प्रीमियम बऱ्यापैकी वाढतो आणि मुलाने ठोकली तर आईबाबांचा नो क्लेम जातो. दुसरा म्हणजे मुलाच्या नावाने वेगळी लर्नर पॉलिसी, काही दिवसांची, आठवड्यांची किंवा महिन्यांची, तीच गाडी पण क्लेम झाला तर मूळ पॉलिसीच्या बोनसला सहसा धक्का नाही. आम्ही दुसरा घेतला. शेजारी बसणारा २१ च्या वरचा, तीन वर्षं लायसन्स असलेला. आणि गाडी मॅन्युअल असेल तर त्याचं लायसन्स पण मॅन्युअलचं हवं, इथे ऑटोमॅटिकवर टेस्ट दिली तर मॅन्युअल चालवता येत नाही.

एक मोठा खड्डा आहे तो इथल्या मराठी लोकांना आवर्जून सांगते. लर्नर पॉलिसी साधारणपणे टेस्ट पास झाल्या क्षणी संपते. पोरगं पास होतं, आनंदात गाडी चालवत घरी येतं, आणि तो पूर्ण रस्ता विम्याशिवाय. पास झाल्यावर चावी आपण घ्यायची आणि घरी येऊन नवीन पॉलिसी.

आणि भारतातून नुकते आलेत त्यांच्यासाठी, आपल्या लायसन्सवर इथे राहायला आल्यापासून १२ महिनेच चालवता येतं. तेरावा महिना लागला की तुम्ही पण लर्नर, पंधरा वर्षं मुंबईत चालवलेली असली तरी. त्या दिवसापासून एकटे चालवलं तर विमा धोक्यात.

अभय_म्युनिक
आमच्याकडे तर हा प्रश्नच येत नाही. जर्मनीत घरच्या गाडीवर सार्वजनिक रस्त्यावर शिकताच येत नाही, ड्रायव्हिंग स्कूलच्याच गाडीत आणि त्यांच्याच शिक्षकाबरोबर. घरच्यांबरोबर सराव करायचा तर कुंपण घातलेली सरावाची मैदानं असतात, तासावर पैसे देऊन जायचं. शिकण्याचा खर्च ऐकून बायको म्हणाली सायकलच बरी.

पद्मा_सिडनी
इथे उलट, न्यू साऊथ वेल्समध्ये २५ च्या खालच्यांना १२० तासांचं लॉगबुक भरावं लागतं, त्यातले २० तास रात्रीचे. एवढे तास ट्रेनर कोणाला परवडणार, म्हणून आईबापच शेजारी. आम्ही इन्शुरन्सला कळवलं होतं की घरात लर्नर आहे, न कळवता क्लेम झाला तर जास्तीचा एक्सेस, म्हणजे क्लेममधला आपल्या खिशातून द्यायचा वाटा, भरावा लागू शकतो.

तात्या_कराडकर
१२० तास!! आमच्याकडे आठचा आकडा आणि थोडं रिव्हर्स आलं की माणूस ड्रायव्हर.

सागर_कोल्हापूर
एवढं कशाला डोकं लावायचं. मुलगी शिकताना ठोकली तर क्लेम फॉर्ममध्ये वडील चालवत होते लिहायचं, विषय संपला. सगळे हेच करतात, एजंट स्वतःच सांगतात.

निवृत्त_सर्व्हेअर
सागरराव, सगळे करतात हे खरं असेल, पण मी हे करून आयुष्यातून उठलेली घरं बघितलीत म्हणून कळकळीने लिहितो, वाचा.

फॉर्मवर खोटं लिहिलं की तो क्लेम त्याच दिवशी मेला, फक्त कंपनीला कधी कळतं एवढाच प्रश्न. आणि कळतं. सोसायटीच्या गेटवर कॅमेरा आहे, पेट्रोल पंपावर आहे, चौकात आहे. सीट किती पुढे ओढलेली आहे हे गॅरेजमध्ये गाडी आल्या आल्या दिसतं. पाच फुटाची मुलगी आणि सहा फुटाचा बाप एकाच सीटवर बसू शकत नाहीत. एअरबॅग उघडली असेल तर कोण कुठे बसलं होतं त्याच्या खुणा दोघांच्या अंगावर असतात. शिवाय मुलगी कच्च्या लायसन्सवर, शेजारी बाप, पाटी लावलेली, हे सगळं नीट असताना जो क्लेम खरं सांगून मंजूर झाला असता तो खोटं सांगून नाकारला गेला असं मी प्रत्यक्ष बघितलंय. नियमात बसत असताना खोटं कशाला?

आणि बंपरचं सोडा, कोणाला लागलं तर? पोलीस एफआयआरमध्ये चालकाचं नाव लिहितात. तिथे बापाचं नाव दिलं तर खटला बापावर, पन्नाशीत कोर्टाच्या फेऱ्या, पासपोर्टला अडचण, सरकारी नोकरी असेल तर खातं वेगळं विचारणार. मग सहा महिन्यांनी रस्त्यावरचा साक्षीदार सांगतो गाडी मुलगी चालवत होती. तेव्हा एक नाही दोघंही अडकतात, आणि ज्या माणसाला लागलंय त्याची भरपाई लांबते. ज्याचा पाय गेलाय तो बिचारा तुमच्या आमच्या हुशारीमुळे ट्रिब्युनलच्या, म्हणजे अपघात भरपाईच्या कोर्टाच्या पायऱ्या चढत राहतो.

रानवारा
काका, +१००. सागर, असले सल्ले धाग्यावर देऊ नकोस रे, कोणीतरी खरंच करेल.

सागर_कोल्हापूर
बरं बरं. खुणांचं वगैरे डोक्यात नव्हतं आलं. पण मग तिऱ्हाईताला लागलं आणि नियम ३ पाळला नव्हता तर त्याला काहीच मिळत नाही का? हे तर चुकीचं आहे.

ॲड_संभाजीनगर
ह्यावर सुप्रीम कोर्टाचा २००४ चा स्वर्णसिंग निकाल आहे, नॅशनल इन्शुरन्सच्या केसमधला, तीन न्यायमूर्तींचा. त्यात कोर्टाने म्हटलं की लर्नर्स लायसन्स असलेला माणूसही कायद्याच्या दृष्टीने लायसन्सधारकच आहे, नुसतं लर्निंग आहे म्हणून कंपनीला तिऱ्हाईताची जबाबदारी झटकता येणार नाही. आणि अटीचा भंग झाला असला तरी तो मालकाकडून झाला, मालकाने पुरेशी काळजी घेतली नाही हे कंपनीने सिद्ध करायचं. अशा कितीतरी केसेसमध्ये आदेश असे होतात की कंपनीने जखमी माणसाला आधी पैसे द्यावेत आणि मग मालकाकडून वसूल करावेत.

आता हे वसूल करावेत नीट वाचा. मालक म्हणजे इथे मृण्मयीताईंचे सासरे. जखमी तरुण कमावता असेल तर रक्कम लाखांत, कधी त्याच्याही वर जाते. ती निवृत्त माणसाच्या घरावर येते. म्हणून गाडी ज्याच्या नावावर त्याला न विचारता, न सांगता पोरांच्या हातात चावी देणं मला तरी अजिबात पटत नाही.

तिऱ्हाईताच्या मालमत्तेचं नुकसान, म्हणजे कोणाची गाडी, दुकानाचं शटर, ह्याला खाजगी गाडीला साडेसात लाखांपर्यंत कव्हर असतं. पण थोडा प्रीमियम वाचवायला ते ६००० रुपयांवर आणायचा पर्याय असतो. पॉलिसीत तेवढं एकदा बघून घ्या.

विवेक_ठाणे
सोसायटीच्या आवारात शिकवलं तर? तो तर सार्वजनिक रस्ता नाही. आमच्याकडे दहावी बारावीची मुलं रविवारी पार्किंगमध्ये फिरवतात, लायसन्स नाही काही नाही.

निवृत्त_सर्व्हेअर
ड्रायव्हर्स क्लॉजमध्ये रस्ता कुठला ते लिहिलेलं नाही, चालवणाऱ्याकडे लायसन्स हवं एवढंच लिहिलंय. पार्किंगमधल्या खांबाला ठोकली तरी लायसन्स मागणार.

ॲड_संभाजीनगर
आणि अठराच्या खालच्याला कार देणं म्हणजे कलम १९९ अ. पालक किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, मुलाला २५ वर्षांपर्यंत लायसन्स नाही. २०१९ च्या दुरुस्तीत आलंय. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला दोन तरुण जीव गेले त्यानंतरही सोसायट्यांमध्ये हे चालू असेल तर कमिटीने सरळ बंदी घालावी. त्या पार्किंगमध्ये लहान पोरं सायकल खेळत असतात.

मुग्धा_डोंबिवली
इतका वेळ सगळे गाडी, बंपर, बोनस बोलताय. जी मुलगी चालवणार तिचं काय? हे कोणीच विचारलं नाही म्हणून लिहितेय.

पॉलिसीत १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा असतो तो ओनर ड्रायव्हरचा. म्हणजे ज्याच्या नावावर गाडी आणि पॉलिसी दोन्ही आहेत आणि ज्याच्याकडे वैध लायसन्स आहे फक्त त्याचा. मृण्मयीच्या केसमध्ये तो सासऱ्यांचा. मुलगी चालवत असताना तिलाच लागलं तर त्या १५ लाखांशी तिचा संबंध नाही. तिऱ्हाईत म्हणूनही मिळत नाही कारण मालकाच्या परवानगीने गाडी चालवणारा मालकाच्या जागी उभा राहतो असं सुप्रीम कोर्टाने २००९ च्या निंगम्मा केसमध्ये म्हटलंय. माझ्या चुलतभावाच्या वेळी आम्हाला हे कळलं. मित्राच्या बाईकवर गेला होता, लायसन्स होतं, विमा होता, समोर दुसरं वाहन नव्हतं, घसरला. सगळे कागद नीट होते आणि काकाकाकूंना अगदी नाममात्र पैसे मिळाले. तेव्हापासून मी दिसेल त्याला सांगते.

अठरा झाल्यावर मुलांच्या नावाने वेगळी वैयक्तिक अपघात पॉलिसी काढा. २०२१ पासून सगळ्या जनरल इन्शुरन्स कंपन्यांकडे सरल सुरक्षा बीमा नावाची एकसारखी पॉलिसी आहे, अडीच लाखांपासून एक कोटीपर्यंत, १८ ते ७० वयाला. ती गाडीला बांधलेली नाही, कोणाच्याही गाडीत, बसमध्ये, पायी चालताना कुठेही लागू. प्रीमियम गाडीच्या विम्यापुढे किरकोळ असतो. आणि हेल्थ पॉलिसीत मुलीचं नाव आहे ना ते बघ, हॉस्पिटलचं बिल त्यातूनच जाणार.

मृण्मयी_सांगली
मुग्धा, वाचून पोटात गोळा आला खरंच. तुमच्या भावाबद्दल वाईट वाटलं. हेल्थमध्ये नाव आहे तिचं. अपघात पॉलिसी ह्या आठवड्यात काढतेच.

गॅरेजवाला_नाशिक
बोनसचा हिशोब कोणी मांडला नाही अजून. लोक ३००० च्या डेंटसाठी क्लेम टाकतात म्हणून लिहितो. समजा ओन डॅमेजचा (आपल्या गाडीच्या नुकसानीचा) प्रीमियम बोनस न धरता १२००० आहे. ५० टक्के बोनस म्हणजे ६००० वाचतात. एक क्लेम केला की पुढच्या वर्षी बोनस शून्य, मग परत २०, २५, ३५, ४५, ५० असा चढायचा. ५० टिकला असता त्या तुलनेत पहिल्या वर्षी ६०००, मग ३६००, ३०००, १८००, ६०० असे जास्त जातात, एकूण १५००० (प्रीमियम तोच धरून). वर दर क्लेमला फाइल चार्ज म्हणतात तो, १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १००० आपल्याच खिशातून. म्हणून शिकताना बंपर घासला, आरसा तुटला तर बाहेर करून घ्या. मोठं काही असेल तरच क्लेम. बोनस प्रोटेक्टचा ऍड ऑन मिळतो तो शिकायच्या वर्षी घ्यायला हरकत नाही, पण किती क्लेमला चालतो ते वाचून.

तात्या_कराडकर
म्हणजे तुम्हाला धंदा तसाही आणि असाही. 😄

गॅरेजवाला_नाशिक
तात्या, या एकदा नाशिकला, चहा पाजतो.

मृण्मयी_सांगली
अपडेट देते. पॉलिसीची पीडीएफ काढली, काकांनी सांगितला तो क्लॉज शब्दशः आहे. एजंटला लेखी मागितलं तर दोन दिवसांनी फोन आला की नाव घालायची गरज नाही, त्यांचा गैरसमज झाला होता. मी तरी कंपनीला ईमेल टाकून उत्तर मागवलंय, ते आलं की जपून ठेवते. मालमत्तेचं कव्हर साडेसात लाखच आहे.

सासऱ्यांचं लायसन्स गेल्या वर्षीच संपलंय! त्यांना वाईट वाटलं, नातीला आपणच शिकवणार असं त्यांनी ठरवलं होतं. डोळे तपासून रिन्यू करायचं म्हणतायत. तोपर्यंत शनिवार रविवार नवरा, बाकी दिवस स्कूल. मोठ्या स्टिकरची पाटी पण आणली, मोजून.

रानवारा
आजोबांना मागच्या सीटवर बसवा की, तेवढाच आनंद. कारला शेजारी पक्कं लायसन्सवाला असला की मागे घरचे बसले तर चालतं ना?

निवृत्त_सर्व्हेअर
चालतं. दुचाकी शिकताना मात्र इन्स्ट्रक्टरशिवाय दुसऱ्या कोणाला मागे बसवता येत नाही. तरी सुरुवातीला गाडीत कमी माणसं बरी, शिकणाऱ्याला एकाच आवाजाकडे लक्ष देता येतं. आजोबांनी हात बसल्यावर जावं.

प्राची_आयटी
थोडं विषयांतर. माझं लर्निंग संपायला थोडेच दिवस राहिलेत आणि टेस्टचा स्लॉट त्याच्या नंतरचा मिळतोय. मधल्या दिवसांत नवऱ्याबरोबर सराव केला तर?

ॲड_संभाजीनगर
नाही. मुदत संपली की लायसन्स नाही, शेजारी कोणीही असो. टेस्टसुद्धा लर्निंग चालू असतानाच द्यावी लागते. रोज पोर्टल उघडून बघत राहा, रद्द झालेले स्लॉट मोकळे होतात. नाहीच मिळाला तर लर्निंग नव्याने काढावं लागेल आणि त्याच्यावर परत ३० दिवस थांबावं लागेल.

प्राची_आयटी
अरे देवा. आणि पास झाले तर कार्ड पोस्टाने येईपर्यंत एकटी चालवू शकते का? ऑफिसला न्यायचीये.

ॲड_संभाजीनगर
आरटीओने मंजूर करून लायसन्स नंबर पडला की. डिजीलॉकर किंवा एम परिवहनमध्ये दिसायला लागलं की ते चालतं, प्लास्टिकच्या कार्डासाठी थांबायची गरज नाही. नंबर पडायच्या आधी नको, टेस्ट पास झाल्याचा नुसता मेसेज म्हणजे लायसन्स नव्हे. आणि त्या दिवशी गाडीवरची एल ची पाटी काढायला विसरू नका.